लिहिणारा हात कोणाचा: एलरी क्वीनपासून पौलापर्यंत

प्रश्न असा आहे: रहस्यकथांवर छापल्या जाणाऱ्या एलरी क्वीन या एका नावामागे दोन लेखक निघाले, रॉबर्ट गॅलब्रेथ या नावामागे जे. के. रोलिंग निघाली, आणि तेही म्हणे संगणकाने शब्द मोजल्यावर. मग हीच रीत लावून बायबलच्या नव्या करारात पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या नावावर असलेली 13 पत्रं खरोखर कोणाची, याचा निकाल का लावता येत नाही?

निकाल काही अंशी लागलेला आहे. सात पत्रांबद्दल अभ्यासकांत जवळजवळ वाद नाही. रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, ही पौलाचीच. तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताला लिहिलेलं एक ही बहुतेक अभ्यासकांना पौलाची वाटत नाहीत. उरली तीन. त्यांत इफिसकरांस पत्राविरुद्धचं पारडं जड आहे. कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस दुसरं यांवर भांडण चालूच आहे. पण यातलं काहीही निव्वळ शब्द मोजून ठरलेलं नाही. खरं सांगायचं तर गॅलब्रेथचंही तसं ठरलं नव्हतं.

त्या प्रकरणाचा क्रम पाहा. कादंबरी एप्रिल 2013 मध्ये आली. जुलैत लंडनच्या संडे टाइम्सकडे ट्विटरवरून खबर पोचली. वार्ताहरांनी चौकशी केली तेव्हा साहित्यिक एजंट तोच, प्रकाशनसमूह तोच, संपादकही तोच निघाला. मग संगणकाने लेखनशैली तपासणारे पॅट्रिक जुओला आणि पीटर मिलिकन यांच्याकडे मजकूर गेला. जुओलांनी चार गोष्टी तपासल्या: शब्दांच्या लांबीचं प्रमाण, सर्वाधिक वापरातले 100 शब्द, लागोपाठच्या शब्दजोड्या आणि लागोपाठच्या चार अक्षरांचे गट. तुलनेला रोलिंगची प्रौढांसाठीची कादंबरी आणि रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स, व्हॅल मॅकडर्मिड या रहस्यकथा-लेखिकांची एकेक कादंबरी घेतली. एकाही कसोटीत बाद न झालेलं नाव रोलिंगचं. त्यानंतर वार्ताहरांनी विचारलं आणि तिने कबूल केलं. म्हणजे आधी खबर, मग परिस्थितिजन्य पुरावा, मग शैली, शेवटी कबुली. शैलीला विचारलेला प्रश्न एवढाच होता की या चार संशयितांपैकी सर्वांत जवळचं कोण. पाचवाच कोणी असता तरी यंत्राने चारांतलंच एक नाव पुढे केलं असतं.

पौलाच्या बाबतीत संशयितांची यादीच नाही, अडचण इथून सुरू होते. तीताला पत्र पौलाचं नसेल तर ते कोणाचं? त्या माणसाचं दुसरं काही लिखाण आपल्याकडे नाही, त्यामुळे ताडून पाहायला काहीच उरत नाही. इब्री लोकांस पत्रात तर लेखकाचं नावच नाही, त्याची गत याहून वाईट आहे. तर्तुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने ते पौलाचा सहकारी बर्णबा याचं म्हटलं, मार्टिन ल्यूथरने अपुल्लो या त्याच काळातल्या प्रचारकाचं सुचवलं. अपुल्लोची एक ओळही शिल्लक नाही, मग मोजायचं काय? तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित म्हणून गेला की हे पत्र कोणी लिहिलं ते खरं तर देवालाच ठाऊक.

म्हणून मोजणीला बसण्याआधी प्रश्न फोडून घ्यावा. ‘कोणी लिहिलं’ यात निदान चार प्रश्न दडलेले असतात: मजकूर काय असावा हे कोणी ठरवलं, वाक्यं कोणी जुळवली, लेखणी कोणाच्या हातात होती, आणि नाव कोणी लावलं. रहस्यकथांच्या इतिहासात हे चारही धागे सुटे दिसतात, कारण तिथे करार, पत्रव्यवहार आणि पैशांच्या पावत्या आहेत.

एलरी क्वीन म्हणजे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली, दोघेही 1905 साली जन्मलेले मावस-चुलत नात्यातले भाऊ. गंमत म्हणजे ही दोन्ही नावंही जन्माची नव्हेत. पहिली कादंबरी 1929 ची. सर्वसाधारण वाटणी अशी होती की डॅने कथानकाचा तपशीलवार आराखडा करायचा, गाठी, सुगावे, खोटा उलगडा, खरा उलगडा सगळं त्यात, आणि ली त्यावरून कादंबरी लिहायचा. पुढे लीचं लिखाण अडलं. तेव्हा 1963 ची कादंबरी डॅनेच्याच आराखड्यावरून थिओडोर स्टर्जनने लिहिली आणि 1964 ची अव्हराम डेव्हिडसनने. मुखपृष्ठावर नाव एलरी क्वीनच. याच काळात त्या नावाने स्वस्त आवृत्तीतल्या कादंबऱ्यांची एक रांग निघाली. त्या भाडोत्री लेखकांनी लिहिल्या, लीने तपासल्या आणि डॅनेचा त्यांच्याशी संबंध नव्हता. आता 1963 ची कादंबरी यंत्रात घातली तर ते म्हणेल, ‘हा एलरी क्वीन नव्हे’. वाक्यांपुरतं ते बरोबरच असेल. पण आराखडा क्वीनचा, परवानगी क्वीनची, नाव लावणाराही क्वीनच. तिला बनावट म्हणायचं का? स्वस्त आवृत्तीतल्या पुस्तकांना मात्र तीच सवलत देताना हात आखडतो, कारण तिथे आराखडाही परका आहे.

हीच वाटणी पौलाला लावून पाहा. रोमकरांस पत्राच्या 16:22 मध्ये (म्हणजे सोळावा अध्याय, बाविसावी ओवी) लेखनिक स्वतःच डोकावतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय सलाम सांगतो. गलतीकरांस 6:11 मध्ये पौल म्हणतो, पाहा, किती मोठाल्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. म्हणजे त्याआधीचा मजकूर दुसऱ्याच्या हातचा असावा. शिवाय वाद नसलेल्या सातांपैकी पाच पत्रांच्या सुरुवातीलाच पौलाशेजारी दुसरं नाव आहे: सोस्थनेस, तीमथ्य, सिल्वान. त्यांचा वाटा नुसता नमस्कारापुरता होता की वाक्यांपर्यंत पोचला होता, हे ठरवल्याशिवाय ‘पौलाची शैली’ म्हणून जो नमुना आपण घेतो तोच भेसळीचा असू शकतो.

लेखनिकाचा आधार मात्र जपून घ्यावा. ‘शैली वेगळी? असेल लेखनिकाची!’ हे उत्तर कुठल्याही पत्राला चालतं, म्हणून ते फारसं काही सिद्ध करत नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्या नावावरच्या पहिल्या पत्रात (5:12) ‘सिल्वानाच्या हस्ते लिहिलं’ असं आहे. त्यावरून गालिलातल्या कोळ्याच्या नावावर इतकी सफाईदार ग्रीक कशी, याचं उत्तर काढलं जातं. पण प्रेषितांची कृत्ये 15:23 मध्ये असाच शब्दप्रयोग पत्र पोचवणाऱ्या माणसांबद्दल आहे, लिहिणाऱ्यांबद्दल नाही. तेव्हा दोन थर वेगळे तपासावेत. शब्दांची ठेवण बदलली आणि विचारांची चौकट तशीच राहिली, तर लेखनिक शक्य आहे. चौकटही हलली असेल, तर लेखनिकाच्या खांद्यावर तेवढं ओझं टाकता येत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. मराठी बायबलवर ती करू नये. तिथे ‘आणि’, ‘कारण’, ‘परंतु’ मोजले तर भाषांतरकाराची सवय मोजली जाते, पौलाची नव्हे. मूळ ग्रीक संहिता घ्यावी आणि आधी तिची साफसफाई करावी. जुन्या करारातली अवतरणं काढावीत. रोमकरांस 9 ते 11 या अध्यायांत ती खच्चून आहेत. फिलिप्पैकरांस 2:6–11 सारखा, आधीच प्रचारात असलेलं स्तोत्र वाटणारा भाग बाजूला ठेवावा. नमस्कार आणि नावांच्या याद्याही वगळाव्यात. मग नामं-क्रियापदं सोडून अव्ययं, उपपदं, शब्दयोगी अव्ययं असे पन्नास ते शंभर शब्द धरावेत, कारण ते विषयाप्रमाणे फारसे हलत नाहीत आणि लिहिणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही नसतं. प्रत्येकाचं प्रमाण दर हजार शब्दांमागे काढावं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. संशयित पत्राला हात लावण्यापूर्वी करिंथकरांस पहिलं पत्र मधोमध तोडा आणि दोन अर्ध्यांत किती अंतर येतं ते पाहा. तेच रोमकरांस पत्राचं करा. जोडीला बाहेरचे ग्रीक लेखक ठेवा, म्हणजे एपिक्टेटस, जोसेफस, इग्नेशियसची पत्रं. एकाच पत्राचे दोन भाग एकमेकांपासून जितके लांब, तितकंच संशयित पत्र पौलापासून लांब असेल, तर तुमच्या हाती काहीच लागलेलं नाही. आकाराचंही भान हवं. आधुनिक गद्यात पाच हजार शब्दांच्या खाली अशा कसोट्या डळमळू लागतात. फिलेमोनाला पत्र ग्रीकमध्ये सुमारे 335 शब्दांचं आहे. त्यावर टक्केवारी काढणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नव्हे, शितावरून शेताची परीक्षा.

चुका कशा होतात याचा उत्तम नमुना 1960 च्या दशकातला आहे. ए. क्यू. मॉर्टन या स्कॉटिश पाद्र्याने वाक्यांची लांबी आणि ‘काई’ (आणि) या अव्ययाचं प्रमाण संगणकावर मोजलं आणि चार-पाच पत्रं सोडून बाकी पौलाची नाहीत असं जाहीर केलं. पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं नावापुरतीच आहेत आणि शब्दही सुटे नाहीत. वाक्य कुठे संपतं हे पुढच्या संपादकांनी ठरवलेलं आहे, म्हणजे लांबी बऱ्याच अंशी त्यांची मोजली गेली. एलिसन नावाच्या टीकाकाराने हीच पद्धत जेम्स जॉइसच्या एका कादंबरीला लावून तिचे पाच लेखक काढून दाखवले. पुढे 1986 मध्ये अँथनी केनी यांनी अधिक सावधपणे मोजणी केली. त्यांच्या मते 12 पत्रं एकाच हातची असायला शैलीची हरकत नाही, फक्त तीताचं बाजूला पडतं. मोजणी दोघांचीही, पण एकाच्या मते चार-पाच पत्रं पौलाची आणि दुसऱ्याच्या मते 12. नुसत्या आकड्यांवर किती टेकायचं ते यावरून ओळखावं.

याचा अर्थ शब्दसंग्रह निरुपयोगी असा नाही. पी. एन. हॅरिसन यांची 1921 ची मोजणी अजूनही पायाभूत मानली जाते. तीमथ्य-तीत पत्रांत विशेषनामं सोडून 848 निरनिराळे शब्द आहेत. त्यांतले 306 पौलाच्या नावावरच्या उरलेल्या 10 पत्रांत नाहीत, आणि 175 नव्या करारात इतरत्र कुठेही नाहीत. विषय बदलला, वय वाढलं, असं म्हणून यातले बरेच शब्द झटकता येतात. झटकता येत नाहीत ते बारीक शब्द. ‘सह’ या अर्थी पौल ‘सुन’ आणि ‘मेता’ दोन्ही वापरतो, या तीन पत्रांत ‘सुन’ एकदाही नाही. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ या अर्थाचे ‘दिओ’, ‘होस्ते’, ‘आरा’ हे पौलाच्या युक्तिवादाचे सांधे, तेही गायब. सभेचे अध्यक्ष कसे नेमावेत हा विषय आला म्हणून माणूस ‘म्हणून’ म्हणायचं सोडत नाही. माझ्या मते या पत्रांविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, त्या 175 शब्दांचा नव्हे.

या कामाचा जुना उस्ताद मात्र तिसऱ्या शतकातला. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने योहानकृत शुभवर्तमान (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) आणि प्रकटीकरण (नव्या करारातलं शेवटचं पुस्तक) एकाच योहानाचं नाही असं प्रतिपादन केलं. प्रकटीकरण नाकारायचं नाही हे आधीच सांगून त्याने कारणं मांडली. प्रकटीकरणाचा लेखक पुन्हा पुन्हा स्वतःचं नाव घेतो, शुभवर्तमानाचा कधीच घेत नाही. शुभवर्तमान आणि योहानाचं पहिलं पत्र यांत एकमेकांना ओळख देणारे शब्द आहेत, प्रकटीकरणात त्यांची झुळूकही नाही. आणि तिसरं कारण व्याकरणाचं: एकीकडे निर्दोष ग्रीक, दुसरीकडे अशुद्ध. प्रकटीकरण 1:4 मध्ये ‘पासून’ या अर्थाच्या अव्ययानंतर नामाचं रूप बदलायला हवं ते बदललेलंच नाही. मराठीत कोणी ‘घोड्यापासून’ऐवजी ‘घोडापासून’ लिहावं तसं. इफिसमध्ये योहानाच्या म्हणून दोन कबरी दाखवतात, हेही त्याने नोंदवलं. शैली, सवय आणि बाहेरचा पुरावा यांची सांगड त्याने घातली तशी आजही पुष्कळांना जमत नाही.

शुभवर्तमानांच्या नावांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ग्रीक शीर्षकात ‘काता’ आहे, म्हणजे ‘मत्तयानुसार’. आपल्याकडे रूढ झालं ‘मत्तयकृत’. ‘कृत’ म्हटल्यावर वाद मराठीपुरता मिटलाच! मूळ मजकुरात चारांपैकी एकही लेखक आपलं नाव सांगत नाही. चारही नावं एकत्र आणि स्पष्टपणे आयरेनियस या बिशपाकडे मिळतात, इ.स. 180 च्या सुमारास.

पुढची चूक विसंगतीवर भिस्त ठेवण्याची. तिच्यावरचं औषध एका पाद्र्यानेच देऊन ठेवलं आहे. रोनाल्ड नॉक्स हे रहस्यकथा लिहिणारे, रहस्यकथेचे दहा नियम घालून देणारे आणि पुढे लॅटिनमधून बायबलचं इंग्रजी भाषांतर करणारे गृहस्थ. 1911 मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या जर्मन चिकित्सकांची सगळी हत्यारं त्यांनी डॉ. वॉटसनवर चालवली: जखम एका कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला; नाव जॉन, पण एका कथेत बायको ‘जेम्स’ म्हणते. मग काढा ‘दुसरा वॉटसन’, उत्तरकालीन प्रक्षेप करणारा! तो विनोद होता, पण पुढे त्यातूनच होम्स-अभ्यासाचा एक खेळ सुरू झाला. डोरोथी सेयर्स यांनी तर ‘जेम्स’चा खुलासा म्हणून वॉटसनच्या मधल्या ‘एच’चं ‘हेमिश’ करून दाखवलं, कारण हेमिश म्हणजेच स्कॉटिश जेम्स. आपल्याला माहीत आहे की खरा खुलासा साधा आहे: कॉनन डॉइल मागचं उघडून पाहत नसत. एकाच हाताचा लेखक अशा गाठी सहज मारतो, आणि क्वीनच्या नावाखाली दोन-तीन हात बेमालूम बसतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दहाव्या अध्यायापासून सूर अचानक चढतो. त्यावरून दोन पत्रं जोडली असावीत असं म्हणता येतं, दोन लेखक म्हणता येत नाहीत.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने (योगायोग पाहा) ज्ञानेश्वरीचे ज्ञानदेव वेगळे आणि अभंगांचे वेगळे, असा पक्ष मांडला गेला. भाषेतला फरक हा त्यातला मोठा मुद्दा होता. त्यावरचं उत्तर असं की अभंग तोंडातोंडी फिरताना त्यांची भाषा नवी होत गेली, ग्रंथ पोथीत टिकला. परंपरा कशी पोचली हे पाहिल्याशिवाय शब्द मोजू नयेत, ते यासाठी.

शैलीपेक्षा बळकट पुरावा मुद्देमालाचा. 1942 मध्ये कॉनन डॉइल यांच्या कागदपत्रांत होम्सची एक अप्रकाशित कथा सापडली आणि 1948 मध्ये ती त्यांच्या नावावर छापली गेली. मग आर्थर व्हिटेकर नावाच्या वास्तुरचनाकाराने आपल्याजवळची कार्बन प्रत आणि डॉइल यांचं पत्र पुढे केलं. कथा त्याची होती, डॉइलनी ती दहा गिनींना विकत घेऊन ठेवून दिली होती. ज्याच्या पेटीत सापडलं त्याचंच ते, असं धरून चालण्याची ही चूक प्राचीन काळीही घडू शकत होती. इ.स. 200 च्या आसपासच्या एका पपायरस पोथीत इब्री लोकांस पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच मागे बांधलेलं आहे. पत्रात नाव नाही, पण शेजार पौलाचा.

मुद्देमालाने खोटेपणा कसा पकडला जातो याचा अलीकडचा दाखला म्हणजे ‘येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान’ म्हणून सप्टेंबर 2012 मध्ये जाहीर झालेला कॉप्टिक (जुन्या इजिप्तच्या भाषेतला) तुकडा. पपायरस खरोखर जुना निघाला, सातव्या ते नवव्या शतकातला. पण त्याच हस्ताक्षरातला योहानाच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा सोबत होता. त्याच्या ओळी 1924 मध्ये छापलेल्या एका हस्तलिखिताच्या आवृत्तीतली एक ओळ सोडून एक ओळ उतरवाव्या, तशा तुटत होत्या. बोलीही त्या कागदाच्या काळाच्या कितीतरी आधी लिखाणातून गेलेली. मुख्य तुकड्यात थोमाच्या शुभवर्तमानातले शब्द जुळवलेले होते, आणि इंटरनेटवरच्या एका प्रतीत राहून गेलेलं एक अक्षर तिथेही गळलेलं होतं. खऱ्या पौलापेक्षा नकलाकार पकडणं सोपं, कारण त्याला कुठून तरी उचलावं लागतं.

उचलण्याचा माग नव्या करारातही काढता येतो. यहूदाचं 25 ओव्यांएवढं छोटं पत्र पेत्राच्या दुसऱ्या पत्राने बरंचसं आत घेतलं आहे. दिशा कशी ठरवायची? यहूदा हनोखाच्या नावावरच्या, बायबलबाहेरच्या पुस्तकातलं वचन नाव घेऊन देतो, पेत्राच्या पत्रात ते नाही. वादग्रस्त पुस्तकाचा उल्लेख गाळणं समजू शकतं, नव्याने घुसडणं समजत नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तर पेच आहे. 2:2 मध्ये ‘आमच्या म्हणून आलेल्या पत्राने’ घाबरू नका, आणि 3:17 मध्ये ‘हा माझ्या हातचा सलाम, हीच प्रत्येक पत्रातली खूण’. अभंगातल्या नाममुद्रेसारखी ही खूण. ती खरी असेल तर पौलाच्या हयातीतच बनावट पत्रं फिरत होती. खोटी असेल तर बनावट पत्रच बनावटीपासून सावध करतंय. नाममुद्रा नक्कल करणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.

‘त्या काळी गुरूच्या नावाने लिहिणं रूढच होतं, कोणाला वावगं वाटत नसे’ हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. तर्तुलियन सांगतो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने (धर्मपदाधिकाऱ्याने) पौलाच्या नावाने लिखाण रचलं, पकडल्यावर ‘पौलावरच्या प्रेमापोटी केलं’ म्हणून कबुली दिली आणि त्याचं पद गेलं. प्रेम मान्य झालं, लिखाण नाही.

स्वतः हात घालून पाहायचा असेल तर कलस्सैकरांस आणि इफिसकरांस ही पत्रं दोन रकान्यांत समोरासमोर मांडा. एवढ्यापुरतं मराठी भाषांतरही चालेल. कलस्सैकरांस 4:7–8 आणि इफिसकरांस 6:21–22 पासून सुरुवात करा; पत्र घेऊन जाणाऱ्या तुखिकाबद्दलचा मजकूर ग्रीकमध्ये तिशीच्या आसपास शब्द जवळपास जसाच्या तसा आहे. मग इफिसकरांस 1:3–14 पाहा. मुळात ते 202 शब्दांचं एकच वाक्य आहे, भाषांतरात ते तोडावं लागतं. आणि इफिसकरांस 1:1 मधलं ‘इफिस’ हे गावाचं नाव सर्वांत जुन्या प्रतींत नाही, हेही समासात टिपून ठेवा. शेवटी ‘मिस्टेरिओन’ हा शब्द धरा, इंग्रजी रहस्यकथेला ‘मिस्टरी’ हे नाव ज्यावरून मिळालं तोच. कलस्सैकरांस 1:27 मध्ये ते रहस्य म्हणजे ‘तुमच्यामध्ये ख्रिस्त’. इफिसकरांस 3:6 मध्ये ते म्हणजे परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मिळालेला समान वारसा. तुखिकाची ओळ शब्दशः उतरलेली आणि या शब्दाचा अर्थ मात्र सरकलेला, असं का झालं असावं, तिथून पुढची चौकशी सुरू करा.